न घडलेल्या अपघाताचे मोल

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत दि. १८ मे २०२५ च्या पहाटे टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. आत झोपलेली आठ माणसे तीत मृत्युमुखी पडली. त्यांत कारखान्याचे वृद्ध मालक होते, त्यांच्या घरची माणसे होती, कामगार होते, आणि एक लहानगे मूलही होते. सुताने व कापडाने भरलेली ती इमारत विझविण्यासाठी अग्निशमन दलाला तासन् तास झुंजावे लागले आणि झुंजताना दलातील काही जण जखमीही झाले. पुढले काही दिवस सर्वत्र हळहळ झाली, मदतीचे आकडे जाहीर झाले, चौकशीच्या मागण्या झाल्या. हे सारे योग्यच होते. परंतु ज्यांना आपण त्या आगीत पाठविले त्यांना आपण काय देतो, आणि आग लागूच नये म्हणून ज्यांनी त्याआधी तेथे जावयास हवे होते ती माणसे कोण, त्यांना नेमतो कोण व त्यांच्या पोटापाण्याची सोय काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. तो आज आम्ही विचारीत आहोत.

याच रस्त्याने पुढे गेले म्हणजे सोलापूर व अक्कलकोट यांच्या साधारण मध्यावर वळसंग लागते. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या विहिरीपाशी आले होते ती विहीर या गावाने जपली आहे. वळसंगचे नाव आम्ही घेतो ते त्या गावाचे काही उणे दाखविण्यासाठी नव्हे. महाराष्ट्रातील असे कोणतेही मोठे खेडे घेतले तरी चित्र हेच दिसेल. उद्या वळसंगच्या एखाद्या दुकानाला, कडब्याच्या गंजीला वा यंत्रमागाच्या खोलीला आग लागली, तर बंब यावयाचा तो सोलापूरहून, नाहीतर अक्कलकोटहून. केंद्र सरकारने १९५५ मध्ये नेमलेल्या स्थायी अग्निशमन सल्लागार मंडळाने बंब किती वेळात पोहोचावा याची मर्यादा घालून दिली आहे: शहरात ५ ते ७ मिनिटे व ग्रामीण भागात २० मिनिटे. वर्दी मिळणे, गाडी निघणे, शहराची गर्दी ओलांडणे आणि मग निम्मा रस्ता कापणे, हे सारे वीस मिनिटांत कसे बसते ते वाचकांनी घड्याळ हाती घेऊन पाहावे. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी थट्टेने केली असेल. आम्ही तिला शासनपद्धतीचे रूप दिले आहे.

असे का व्हावे? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा बाराव्या परिशिष्टात, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत घातली. पंचायतींसाठी जे अकरावे परिशिष्ट त्याच वेळी झाले त्यात २९ विषय आहेत, कृषी आहे, मत्स्यव्यवसाय आहे, वाचनालये आहेत, बाजार व जत्रा आहेत, अग्निशमन नाही. आग नगरपालिकेची हद्द पाहून लागते अशी त्या वेळी कोणाची समजूत होती की काय, हे आम्हांस ठाऊक नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. खेड्याला बंब नाही, म्हणून बंबवाला नाही, म्हणून खेड्यातील तरुणाला त्या व्यवसायाची ओळखही नाही.

मग संकट आले की गावात प्रथम धावतो कोण? पोलीस पाटील धावतो, कोतवाल धावतो, अलीकडे ‘आपदा मित्र’ म्हणून बारा दिवसांचे शिक्षण घेतलेला एखादा तरुण धावतो. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाच्या शिरावर गावाच्या बऱ्यावाईटाची खबर ठेवण्याची जबाबदारी घातली. त्याला २०२४ च्या आरंभापर्यंत महिना ६,५०० रुपये मिळत. त्या वर्षी ते १५,००० करण्याचा निर्णय झाला. ही वाढ स्वागतार्ह आहे व ती देणाऱ्यांचे अभिनंदन करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. परंतु त्या रकमेचे नाव पाहा: मानधन. ‘आपदा मित्रा’ला तर संकटसमयी वापरावयाची साधनांची पेटी मिळते, विम्याचे कवच मिळते, नियमित वेतन नाही. देशभर ३५० जिल्ह्यांत असे एक लाख स्वयंसेवक तयार करण्याची ही योजना आहे आणि ती वाईट नाही. पुरात दोर टाकता येणारा, बुडालेल्या माणसाच्या पोटातील पाणी काढण्याच्या खुळ्या समजुतीला बळी न पडता त्याचा श्वास चालू करता येणारा तरुण प्रत्येक गावी असावा, हे कोणाला नको आहे? परंतु स्वयंसेवक हा नियमित सेवेचा जोडीदार असतो. तिचा बदली कामगार नव्हे.

मानधन हा शब्दच मोठा फसवा आहे. ज्याला वेतन द्यावयाचे नाही, निवृत्तिवेतन द्यावयाचे नाही, बढती द्यावयाची नाही, त्याला आपण मान देतो, आणि त्या मानाबरोबर थोडे धन देऊन मोकळे होतो. कीर्तनकाराला, व्याख्यात्याला, परीक्षकाला मानधन शोभते, कारण त्यांचा संसार बहुधा दुसऱ्या कशावर तरी चालतो. ज्याने अपरात्री उठून नदीच्या पुलावर उभे राहावे अशी आपली अपेक्षा आहे, त्याला मानधनावर ठेवणे म्हणजे त्याच्या संसाराची जबाबदारी टाळून त्याच्या कर्तव्यावर मात्र हक्क सांगणे होय.

गावाकडून जिल्ह्याच्या ठिकाणी येऊ. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील जलप्रलयानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. किल्लारीचा भूकंप त्याआधीच, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, होऊन गेला होता आणि त्याचा हादरा सोलापूरकरांनी स्वतः अनुभवला होता. नव्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आले. परंतु जिल्हाधिकारी बदलतात, निवासी उपजिल्हाधिकारी बदलतात, आणि त्यांच्यापाशी महसुलापासून निवडणुकीपर्यंत शंभर कामे असतात. संकटाचा आराखडा करणे, धरणाचा विसर्ग व नदीची पातळी पाहत बसणे, बोटी व दोर नीट आहेत की नाहीत हे तपासणे, ही कामे ज्याने बाराही महिने करावयाची तो जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी. आणि हे पद आपल्या राज्यात वर्षानुवर्षे कंत्राटावर चालत आले आहे! जिल्ह्यातील प्रत्येक संकटाची स्मृती ज्या एका टेबलापाशी साठावयाची, त्या टेबलावरील माणसाला पुढील वर्षी आपण येथे असू की नाही याची खात्री नसावी, याहून मोठा विरोधाभास आम्हांस दिसत नाही.

या कामाचे स्वरूप तरी पाहावे. आषाढीला पंढरपुरात लक्षावधी वारकरी येतात. भीमेला उजनीचे पाणी किती सोडावे, वाळवंटात किती माणसे उतरू द्यावीत, कोणत्या घाटाची भिंत कच्ची आहे, रुग्णवाहिकेला वाट कोठून ठेवावी, हे महिने महिने आधी ठरवावे लागते. यात हयगय झाली तर काय होते हे १४ ऑक्टोबर २०२० रोजी अतिवृष्टीत कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसे दगावली तेव्हा दिसले. हयगय झाली नाही तर मात्र काहीच दिसत नाही. वारी सुखरूप पार पडली की श्रेय पांडुरंगाचे. त्यास आमची हरकत नाही. परंतु पांडुरंगाच्या वतीने जे रात्रभर बोटीत बसले होते त्यांचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत येत नाही, हे वृत्तपत्रवाल्यांनी तरी मान्य करावे.

आणि येथेच या व्यवसायातील समाधानाचा मूळ प्रश्न आहे. शिक्षकाला उत्तीर्ण झालेला विद्यार्थी दिसतो, वैद्याला बरा झालेला रोगी दिसतो, स्थापत्यविशारदाला उभा राहिलेला पूल दिसतो. सुरक्षेचे काम करणाऱ्याला न लागलेली आग दिसावी कशी? त्याच्या यशाचा पुरावा म्हणजे एक रिकामी नोंदवही. जो अपघात घडला नाही त्याचे बिल कोणाला पाठवावयाचे? म्हणून अंदाजपत्रकात काटछाट करावयाची वेळ आली की पहिली कात्री त्याच्या खर्चावर चालते, आणि अपघात घडला की पहिले बोट त्याच्याकडेच वळते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, माढा, मोहोळ, दक्षिण सोलापूरमधील गावे पाण्याने वेढली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या व लष्कराच्या तुकड्या आल्या. त्यांनी जे केले ते कौतुकास्पदच होते. परंतु त्या येण्यापूर्वीचे कित्येक तास स्थानिक माणसांनीच काढावयाचे असतात, आणि त्या गेल्यानंतरचे कित्येक महिनेही.

अग्निशमन दलाची कथा याहून फार निराळी नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला व ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून सप्ताह पाळला जातो; छातीवर फीत लावली जाते, प्रात्यक्षिके होतात. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या ‘गोकुळ निवास’मधील आगीने मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. जेथे प्रमुखही जवानांबरोबर आत शिरतो असे खाते सरकारात दुसरे कोणते आहे, ते कोणी आम्हांस सांगावे. २०२३ च्या जुलैत इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीसाठी डोंगर चढणारा नवी मुंबईच्या दलातील एक अधिकारी वाटेतच हृदयविकाराने गेला.

मुंबईच्या दलाला निदान परंपरा आहे, पदांची उतरंड आहे. लहान नगरपालिकेच्या दलात मात्र बंबावर चढलेला माणूस बहुधा बंबावरूनच निवृत्त होतो. दल पालिकेचे, म्हणून त्याची बढतीही पालिकेच्या चतुःसीमेत. वरची जागाच नाही तर बढती कोठून मिळावयाची? माणसे अपुरी, म्हणून पाळी लांबते. जागा रिकामी झाली की ती भरण्याऐवजी ठेकेदाराकडून माणूस घेतला जातो, आणि एकाच बंबावर एकाच आगीत शिरणाऱ्या दोघांपैकी एकाला वेतनश्रेणी असते व दुसऱ्याला रोजंदारी. आगीला हा भेद कळत नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन दलांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. नव्या गाड्या येतील, उंच शिड्या येतील. शिडीवर चढणाऱ्याच्या मासिक वेतनाचा भार मात्र त्याच नगरपालिकेच्या फाटक्या तिजोरीवर राहतो. गाडीचे उद्घाटन करता येते, हार घालता येतो. वेतनश्रेणीला हार कोठे घालावयाचा? ‘१०८’ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचेही तसेच. २०१४ पासून ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेल्या या सेवेने असंख्य जीव वाचविले, परंतु तिच्यावरील डॉक्टर व चालक सरकारचे नव्हेत, ठेकेदाराच्या पटावरचे आहेत.

आता कारखान्यांकडे वळू, कारण ज्या घटनेपासून आम्ही आरंभ केला ती कारखान्यातील आहे. येथे कायदा कागदावर पुष्कळ सुज्ञ आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हजार वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद केली. महाराष्ट्राने १९८२ मध्ये त्यासाठी नियम केले. त्यांत हा अधिकारी वरिष्ठ दर्जाचा असावा, त्याने थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करावे, त्याचे वेतन त्या दर्जाच्या इतर अधिकाऱ्यांइतके असावे, असे सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हजारांची मर्यादा पाचशेवर व धोक्याच्या प्रक्रियांसाठी अडीचशेवर आणली. ही सुधारणा आहे, आम्ही ती नाकारीत नाही. पण सोलापूरच्या टॉवेल व चादरीच्या धंद्यात पाचशे कामगार एका छपराखाली कितीशा ठिकाणी आहेत? येथील धंदा लहान लहान घटकांचा. मालक वरच्या मजल्यावर राहतो, खाली माग चालतात, मागल्या खोलीत कामगाराचे कुटुंब झोपते, आणि जिन्यात सुताचे गठ्ठे. ज्या आगीत माणसे अधिक मरतात त्या नेमक्या याच घरांतल्या, आणि कायद्याचा सुरक्षा अधिकारी त्यांचा उंबरठा कधीच ओलांडत नाही.

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने यावर एक उपाय योजला आहे: मालकाने परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, आगप्रतिबंधक साधने चालू असल्याचा दाखला घ्यावा. परंतु दाखला देणाऱ्याला निवडतो मालक, आणि पैसे देतो तोही मालकच. मोठ्या कारखान्यातील सुरक्षा अधिकाऱ्याचे दुखणे हेच आहे. ज्या व्यवस्थापकाला ‘यंत्र बंद करा’ असे सांगावयाचे, तोच त्याच्या वेतनवाढीचा कागद लिहितो. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्या कारकिर्दीची. कामगाराच्या हिताचा कायदा मालकाच्या दयेवर ठेवता येत नाही, हे तत्त्व तेव्हाच ठरून गेले आहे. कायदा राबविणाऱ्या माणसाला मात्र आपण अद्याप मालकाच्या दयेवर ठेवले आहे.

यावर कोणी म्हणेल की या क्षेत्रात नोकऱ्या नाहीत असे कोठे आहे? ‘फायर अँड सेफ्टी’च्या वर्गांच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर रंगविलेल्या दिसतात, शंभर टक्के नोकरीची हमी त्यांत असते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी मुलासाठी अशा वर्गाची चौकशीही केली असेल. त्यांना आमचा सल्ला असा, की फी भरण्यापूर्वी ती पदविका कारखाना निरीक्षकाला मान्य आहे काय, एवढे एकच विचारावे. नागपूरला १९५६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. शीव येथे केंद्रीय कामगार संस्था आहे. औद्योगिक सुरक्षेची मान्य पदविका आहे. परंतु ती घेऊन जो तरुण खरोखर तयार होतो तो पुष्कळदा आखातात जातो, कारण तेथे तेल कंपनीच्या ठेकेदाराला सुरक्षा अधिकाऱ्यावाचून काम सुरूच करता येत नाही. आमची मुले तेथील तेलाच्या टाक्या सांभाळतात, आणि येथील सुताचे गठ्ठे देवाच्या हवाली असतात. त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून डॉक्टर, इंजिनियर व बँकेतील अधिकारी यांच्या पंक्तीला ‘सुरक्षा अधिकारी’ हा शब्द अजून बसत नाही, आणि ज्या पदाला ना कायमपणा ना बढती, ते पद त्या पंक्तीला बसावे तरी कसे?

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. दुर्घटनेनंतर जी मदत, जे उपचार, जी पुनर्बांधणी होते तिचा पैसा तरी कोठून येतो? तो त्याच तिजोरीतून येतो, फक्त उशिरा येतो आणि अधिक लागतो. सेवाभावाची भाषाही आम्हांस या प्रसंगी नको आहे. ज्यांच्या अंगी सेवाभाव आहे ते या व्यवसायात आहेतच, म्हणून तर तो आजवर चालला. त्या सेवाभावावर सरकारने व्याज खावे हे योग्य नाही.

२०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली व महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरण स्थापण्याचा अधिकार राज्याला मिळाला. सोलापूर त्या यादीत बसते. फलक लागेल, समिती होईल, आयुक्त तिचे अध्यक्ष होतील. आमची मागणी एवढीच, की अध्यक्षाची खुर्ची आणण्यापूर्वी कर्मचाऱ्याचा पट मंजूर व्हावा. जिल्हा व शहर मिळून आपत्ती व्यवस्थापनाचा एक स्वतंत्र राज्य संवर्ग असावा, ज्यात तालुक्याच्या कार्यालयात लागलेला तरुण वीस वर्षांनी राज्याच्या नियंत्रण कक्षापर्यंत जाऊ शकेल. अग्निशमन जवानाची बढती एका पालिकेच्या भिंतीत न कोंडता राज्यभर खुली व्हावी, आणि वळसंगसारख्या, दोन शहरांच्या मध्यावरील मोठ्या गावी चार-सहा माणसांचे व एका लहान बंबाचे ठाणे पंचायत समितीच्या नव्हे, राज्याच्या खर्चाने बसावे. लहान कारखान्यांचे म्हणाल, तर अक्कलकोट रस्त्याच्या वसाहतीपासूनच आरंभ करता येईल. शंभर घटकांनी मिळून एक सुरक्षा अधिकारी ठेवावा. त्याची वर्गणी वसाहतीने सेवाशुल्काबरोबर वसूल करावी. मात्र त्याची नेमणूक, बदली व वेतनवाढ औद्योगिक सुरक्षा संचालनालयाच्या हाती असावी, म्हणजे जिन्यातील गठ्ठे हलविल्यावाचून माग सुरू होणार नाहीत असे तो ज्या मालकाला सांगेल, त्याच मालकाकडे त्याला पहिल्या तारखेस पगारासाठी जावे लागणार नाही.